ओजिब्वे पीपल्स डिक्शनरी: शब्दापाशी बोलणाऱ्याचा आवाज

मिनेसोटा विद्यापीठाच्या अमेरिकन इंडियन स्टडीज विभागाचा हा ओजिब्वे या उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी भाषेचा ऑनलाइन शब्दकोश २०१२ पासून सर्वांसाठी विनामूल्य खुला आहे. मूलनिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांमध्ये मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, आणि मोठेपणी त्यांतल्या अनेकांनी आपल्या लेकरांशी ती बोलणे टाळले. त्यामुळे ज्यांची मातृभाषा ओजिब्वे आहे अशी माणसे आता बहुतांशी वृद्धच आहेत. अशा वेळी शब्द कोणाच्या तोंडचा आहे हे नोंदवून ठेवणे, हे मला या कोशाचे सर्वांत मोलाचे काम वाटते.

नोंदीत ध्वनीची खूण असते आणि तिच्यापाशी वक्त्याची आद्याक्षरे. मिनेसोटातील पोनेमाचे यूजीन स्टिलडे, मिल लॅक्सचे लॅरी स्मॉलवुड, सीमेपलीकडे कॅनडातल्या ऑन्टारियोतील नॅन्सी जोन्स अशा ज्येष्ठांचे आवाज येथे आहेत, आणि कित्येक शब्द एकाहून अधिक आवाजांत ऐकता येतात.

प्रत्येक नाम सजीव की निर्जीव हेही दिलेले आहे, आणि ते अर्थावरून ओळखता येत नाही. रासबेरी, म्हणजे ‘मिस्कोमिन’, सजीव आहे, तर स्ट्रॉबेरी, म्हणजे ‘ओदेइमिन’, निर्जीव. म्हणून अनेकवचने ‘मिस्कोमिनग’ आणि ‘ओदेइमिनन’ अशी होतात. खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’ हे जसे आपल्या कानात बसलेले असते, तसाच हा प्रकार आहे. शिकणाऱ्याने शब्दाबरोबर त्याचे अनेकवचनही मोठ्याने म्हणावे.

क्रियापदे तृतीयपुरुषी एकवचनी रूपाखाली लावलेली आहेत. ‘निवीसिन’, म्हणजे ‘मी जेवतो’, असे कानावर पडले, तर सुरुवातीचा ‘नि’ काढून आणि गळालेला शेवटचा स्वर परत जोडून ‘वीसिनी’पर्यंत पोहोचावे लागते. नवख्याला हे जड जाते.

माझी खरी अपेक्षा मात्र कोशाच्या पलीकडची आहे. सुटी वाक्ये ऐकून उच्चार सुधारतो, पण दोन म्हाताऱ्या स्वयंपाकघरात एकमेकींचे बोलणे मध्येच तोडत, थट्टा करत, अर्ध्यावर सोडलेले वाक्य हुंकाराने पुरे करत बोलतात, ते त्यांतून कळत नाही. त्यासाठी ज्येष्ठांच्या रोजच्या गप्पांची लांबलचक ध्वनिमुद्रणे हवीत, आणि ती आताच व्हायला हवीत.

नव्याने येणाऱ्यांनी ‘मनोमिन’, म्हणजे तळ्यातला जंगली भात, या शब्दापासून सुरुवात करावी. तेथून होडीत दाणे झोडण्याच्या काठ्यांपर्यंत, ‘बवाइगनाक’पर्यंत जावे. हेडफोन लावूनच ऐकावे. शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व स्वर एरवी निसटतात.