हंपीच्या आधी कमलापूरचं म्युझियम बघा

हंपीला जाणारे बहुतेक लोक होस्पेटला उतरतात, रिक्षा करतात, विरुपाक्ष मंदिर, दगडी रथ, लोटस महाल असं करून संध्याकाळी परत. मधे कमलापूर लागतं तिथे फार तर चहा. पण पुरातत्त्व खात्याचं म्युझियम तिथेच आहे आणि माझ्या मते हंपी तिथूनच सुरू करायला पाहिजे, ते सगळं बघून झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

कारण मधल्या चौकात ठेवलेलं मॉडेल. अख्खं विजयनगर, म्हणजे ज्या राजधानीचे अवशेष आपण हंपीत बघतो ते शहर, डोंगर, तुंगभद्रा, देवळं सगळं. विरुपाक्ष आणि विठ्ठल मंदिर नदीकाठाला आणि राजवाड्यांचा भाग पार लांब, आताच्या कमलापूरच्या बाजूला, मधे शेतं आणि कालवे, हे त्याच्याभोवती एक चक्कर मारली की लगेच कळतं. उत्तरेला नदी, बाकी सगळीकडे दगडांच्या टेकड्या, राजधानीला हीच जागा का हे कोणी सांगायला लागत नाही. मग बाहेर पडल्यावर नुसते सुटे सुटे अवशेष दिसत नाहीत, रस्ते, वेशी, बाजार असलेलं शहर दिसायला लागतं. 1336 ला सुरू झालेलं आणि 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर लुटलं गेलेलं एवढं मोठं शहर, त्याला एवढा वेळ द्यायलाच हवा.

मूर्ती छान आहेत, वीरभद्र, भैरव वगैरे, नाणी आणि ताम्रपट पण आहेत. मी जास्त वेळ थांबले ती वीरगळ आणि सतीशिळांपाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आणि सती गेलेल्या बायकांच्या आठवणीतले दगड. सतीशिळेवर कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात, वर सूर्य-चंद्र, आपल्याकडे गावोगावी देवळाबाहेर शेंदूर फासून ठेवलेले असतात अगदी तसेच, ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं वाटलं. आणि विठ्ठल मंदिरात आपला जीव अडकतोच, भानुदास महाराजांनी पांडुरंगाची मूर्ती इथून पंढरपूरला परत नेली असं आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे मॉडेलवर ते मंदिर कुठे आहे ते आधी शोधलंच.

शुक्रवारी बंद असतं, वेळ 10 ते 5. तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी विठ्ठल मंदिर आणि झनाना एन्क्लोजरला (राण्यांचा वाडा, लोटस महाल तिथेच आहे) पण तेच चालतं. एक तास ठेवा, लहान मुलं असतील तर मॉडेलपाशीच जास्त वेळ जाईल.

आणि जमलं तर मुक्कामच कमलापूरला करा. गाव साधंच आहे, सकाळी गरम इडली, संध्याकाळी मिरची भजी, रात्री लवकर सामसूम. पण राजवाड्यांचा भाग हाकेच्या अंतरावर, पट्टाभिराम मंदिर तर गावालाच लागून, एवढं मोठं देऊळ आणि गर्दी जवळजवळ नाहीच. गावचा तलाव विजयनगरच्या काळातला आहे आणि त्याच्या पाण्यावर अजून शेती होते, जुन्या कालव्यांवर केळी आणि ऊस उभा आहे. राजधानी गेली पण तिचं पाणी चालू आहे हे मला गोपुरांपेक्षा भारी वाटलं. तलावाच्या बांधावर सकाळी सकाळी जा, दहानंतर ऊन फार लागतं.