पाय गेलेली कोंबडी घरात सांभाळायची तर : चुंबळीचा टब, झोळी की चाकाची गाडी?

कोंबडी उठेनाशी झाली की तिला बसवायचं कशात, इथूनच गाडं अडतं. घरच्या घरी जमण्यासारखे पर्याय तीन आहेत : प्लास्टिकच्या टबात मऊ अंथरूण, चार खांबांना बांधलेली झोळी आणि चाकाची गाडी. आमचं मत आधीच सांगतो. टब हे तिचं घर, झोळी हा तिचा रोजचा व्यायाम, आणि गाडी अगदी मोजक्या कोंबड्यांच्या कामाची. तीनपैकी एकच काही जमणार असेल तर टब निवडा.

यामागचं कारण तिच्या छातीच्या हाडात आहे. पाय चालत नाहीत ती कोंबडी सगळं अंग त्या उभ्या हाडावर टाकते. गावरान कोंबडी दीड किलोच्या आसपास असते, गिरिराज-वनराज या सुधारित जाती अडीच-तीन किलोपर्यंत जातात. हाडाच्या कडेवर नुसती कातडी असते, म्हणून कडक जागी सतत बसली की आधी पिसं झडतात, मग लाली येते, मग फोड आणि जखम. शिवाय कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नाही. ती हेच हाड खाली-वर करून श्वास घेते. छाती आवळणारी पट्टी मग ती कितीही मऊ असो, तिचा श्वास कोंडते.

आधी पाय का गेले ते बघा

कालपर्यंत धावणारी, अंडी देणारी कोंबडी आज शेपटी खाली पाडून कण्हत बसली असेल तर अंडं अडकल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तळव्यावर काळी खपली आणि सूज असेल तर आत पू धरलेला असतो, तो उपचाराने बरा होऊ शकतो. पिल्लांची बोटं मुठीसारखी आत वळली असतील तर बहुतेक वेळा बी-२ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. लवकर दिलं तर पाय सुधारतात. दीड ते पाच महिन्यांच्या तलंगेचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीचा, एक पाय पुढे आणि एक मागे ताणला गेला असेल तर मरेक आजार डोळ्यासमोर ठेवा. त्याच्यावर औषध नाही. लस हॅचरीत पहिल्याच दिवशी टोचतात, आणि खुडूक कोंबडीखाली घरी निघालेल्या पिल्लांना ती मिळालेलीच नसते. मानमोडीतून, म्हणजे राणीखेतमधून वाचलेल्या कोंबडीची मान पिळवटलेली राहते आणि तोल जातो, पण पायात बऱ्याचदा बळ असतं.

एक साधी तपासणी करा. पायाचं मधलं बोट नखाजवळ हलकेच दाबा. पाय ओढून घेतला तर झोळीतल्या व्यायामाला अर्थ आहे. दोन-तीन दिवस रोज करूनही काहीच हालचाल नसेल तर झोळीकडून फार अपेक्षा ठेवू नका, टबाचीच नीट तयारी करा. पाय लुळे पडण्याऐवजी पटापट कोंबड्या मरत असतील, तुरे निळे-काळे पडत असतील, तर तो वेगळाच विषय आहे. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या तेव्हा बर्ड फ्लू निघाला होता. अशा वेळी मेलेल्या कोंबडीला उघड्या हातांनी शिवू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पायाच्या दुखण्यासाठी तालुक्याच्या दवाखान्यात भागलं नाही तर परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

टब

साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरचा, ३० सेंटिमीटर उंच टब किंवा फळांचा क्रेट पुरतो. तळाला चार बोटं लाकडी भुसा, त्यावर जुन्या सुती साडीची दोन पदरी घडी. या घडीवर चुंबळ ठेवायची, डोक्यावर घागर घेताना करतात तशीच, फक्त सैल आणि मऊ. आतली पोकळी आपल्या मुठीएवढी, किंचित लांबट. कोंबडी अशी बसवा की छातीचं हाड पोकळीवर अधांतरी राहील आणि भार दोन्ही बाजूंच्या मांड्यांवर व बरगड्यांवर वाटला जाईल. ती आपोआप सरळ बसते, कुशीवर कलंडत नाही.

दर दोन-तीन तासांनी तिला उचलून थोडी वेगळी बसवा आणि पाय पोटाखाली नीट घडी करून ठेवा. रात्री एवढं जमत नाही, तेव्हा अंधार पडल्यावर एकदा आणि पहाटे एकदा तरी करा. गुडघ्यासारखा दिसणारा सांधा आणि छातीचं हाड रोज पिसं बाजूला सारून बघायचं.

अंथरुणात काय घालायचं यावर घरोघरी मतं वेगळी. सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीतला भुसा, फुकट मिळते, पण तिची धूळ उडते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. ती बुरशी फुप्फुसात गेली की कोंबडी आ वासून श्वास घेते आणि मग फारसं काही हातात राहत नाही. शेंगांच्या टरफलांचंही तेच. वाळू चाळून स्वच्छ ठेवता येते, पण पाय फरफटत नेणाऱ्या कोंबडीची कातडी ती घासते. एक पाय धड असलेल्या, उड्या मारत फिरणाऱ्या कोंबडीला मात्र वाळू चांगली. रद्दी पेपर नकोच. त्यावर पाय घसरून अधिकच फाकतात. टर्किश टॉवेलच्या फासात नखं अडकतात. सुती साडीच सगळ्यांत बरी : धुतली की लवकर वाळते. अशा सहा-सात घड्या जवळ ठेवा.

टबाचा खरा शत्रू माशी आहे. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा शिटते. पाय गेलेली कोंबडी त्यातच बसून राहते, शेपटीखालची पिसं चिकटतात, माशी बसते आणि पावसाळ्यात दिवसभरात अळ्या पडू शकतात. म्हणून तिथली पिसं कात्रीने आखूड करा, पण बुडाशी रक्त दिसणारी नवी पिसं कापू नका. माखली तर कोमट पाण्यात तेवढाच भाग धुवा आणि पूर्ण कोरडी करा. टबावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा.

डायपरचा मोह टाळा. चालणाऱ्या लंगड्या कोंबडीला तासभर पाहुण्यांत ठेवायचं तर चालेल. बसून असलेल्या कोंबडीची घाण त्यात तिच्या अंगालाच चिकटून राहते आणि पट्टे छातीवरून जातात.

झोळी

झोळीसाठी पाइप कापत बसायची गरज नाही. प्लास्टिकचा छोटा स्टूल उलटा ठेवा, चार पाय वर, आणि त्यांना कापड बांधा. पीव्हीसीचा सांगाडा केला तर अर्ध्या इंची पाइप, लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी २५, उंची २८ ते ३० ही मापं गावरान कोंबडीला बसतात. कापड दोन पदरी सुती हवं. होजियरीचं ताणून खाली लोंबतं आणि कोंबडी त्यात बुडते.

कापडावर कोंबडी धरून पायांची जागा खडूने खुणवा. प्रत्येक पायाला ५ सेंटिमीटरचं भोक, दोन्हींच्या मध्ये ५-६ सेंटिमीटरची पट्टी शाबूत, आणि मागच्या कडेला शीट पडायला ८ सेंटिमीटर रुंद खाच. भोकांच्या कडा दुमडून शिवायच्याच. सुटलेला दोरा पायाभोवती गुंडाळला की पाय सुजतो, आणि वेळेत दिसला नाही तर काळा पडतो. पुढची कड गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीच्या मागे राहिली पाहिजे. पिशवी दाबली गेली तर खाल्लेलं वर येतं.

उंची अशी ठेवा की बोटं जमिनीला टेकतील आणि सांधा थोडा वाकलेला राहील. पाय लोंबकळत ठेवले तर सुजतात. टेकत नसतील तर खाली कापडाची घडी सरकवा. पहिल्या दिवशी १० मिनिटं, मग रोज थोडं वाढवत एका वेळी तासभर, दिवसातून दोनदा-तीनदा. फडफडून पुढे निसटत असेल तर पाठीवरून तीन बोटं रुंद पट्टी सैल बांधा, दोन बोटं आत जातील एवढी. चोच उघडी राहिली किंवा प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली होऊ लागली तर लगेच बाहेर काढा. झोळीतल्या कोंबडीजवळ माणूस हवंच. सकाळी नऊला घर बंद करून संध्याकाळी सहाला येणाऱ्यांनी झोळी सकाळ-संध्याकाळपुरतीच ठेवावी.

गाडी

गाडी म्हणजे चाकांवरची झोळी. दोन्ही पायांत थोडंफार बळ आहे पण तोल जातो, अशा कोंबडीला ती उपयोगी पडते. पूर्ण लुळ्या कोंबडीला ढकलायला काहीच नसतं. ती नुसती उभी राहते. शहाबादी फरशीच्या सांध्यांत छोटी चाकं अडकतात, त्यामुळे दोन इंची चाकं घ्या आणि आधी झोळीत दोन आठवडे बघूनच खर्च करा. एकच पाय गेलेल्या कोंबडीला गाडी नकोच, ती स्वतः उड्या मारायला शिकते. फक्त चांगल्या पायाचा तळवा दर दोन दिवसांनी बघा, सगळा भार त्यावर येतो.

जागा, उन्हाळा, दाणा

मराठवाड्याच्या एप्रिल-मेत पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट. कोंबडीचं अंग मुळातच ४१-४२ अंशांचं, घाम येत नाही, धापा टाकूनच ती निवते. धडधाकट कोंबडी सावलीत सरकते, ही सरकू शकत नाही. माळवदाचं, म्हणजे मातीच्या धाब्याचं घर असेल तर ढेळजेसारखी, दाराजवळच्या ओसरीसारखी जागा नाही. पत्र्याच्या घरात छतावर कडब्याच्या पेंढ्या, आणि टब पत्र्यापासून लांब, जमिनीलगत. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी हवी. कोंदट ओलसर हवेत धापा टाकूनही अंग निवत नाही.

पाणी दिवसाला पाव लिटर धरा, उन्हाळ्यात दुप्पट. भांडं जड, कडेला, चोचीच्या उंचीवर. वाटी पुढ्यात ठेवली तर ती त्यातच कलंडते. खाद्य शंभर ग्रॅमच्या आसपास. नुसती ज्वारी घालून भागत नाही, प्रथिनं कमी पडतात. आणि बसून असलेली कोंबडी दाण्यावर लठ्ठ होते, मग छातीच्या हाडावर आणखी भार. काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही, म्हणून सकाळी १५-२० मिनिटं बाहेरचं कोवळं ऊन द्या. टब स्वयंपाकघरात ठेवू नका, हाताळल्यावर साबणाने हात धुवा. औषध सुरू असेल तर तिची अंडी खायची की नाही ते डॉक्टरांना विचारा.

अंड्यांचं एक गणित घरात हमखास चुकतं. दिवा रात्री अकरापर्यंत जळतो, कोंबडीला दिवस सोळा तासांचा वाटतो आणि ती अंडी देत राहते. हाडांतलं कॅल्शियम जातं, आणि बसून असलेल्या कोंबडीचं अंडं अडकायची भीतीही जास्त. दिवस मावळला की टबावर जाड पण हवा खेळेल असं गोणपाट टाका. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत, तिला हवा तेवढा खाऊ द्या.

कोणताही पर्याय निवडला तरी पहिले सात दिवस रोज सकाळी दाण्याआधी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन लिहून ठेवा. वजन टिकतंय, ती स्वतः चोच मारतेय, पिसं साफ करतेय, तर सांभाळ चालू ठेवा. वजन दहावा भाग उतरलं, खायला भरवावं लागतंय आणि जखमा भरत नाहीत, तर डॉक्टरांशी तिला वेदनेतून सोडवण्याबद्दल बोला. ते काम घरी करू नका.