सरावाचा छर्रा की मॅचचा? १० मीटर एअर पिस्तूलसाठी डबा घेण्याआधी

६० शॉटच्या मॅचला ६०० पैकी ५५० च्या आत खेळणाऱ्या पिस्तूलवाल्याने मॅचच्या, म्हणजे स्पर्धेसाठी जास्त काटेकोर बनवलेल्या महाग छऱ्यांवर वेगळे पैसे घालू नयेत. एकाच कंपनीचा, एकाच वजनाचा सरावाचा छर्रा भरपूर घ्यावा आणि स्पर्धेतही तोच वापरावा. ५६५ च्या पुढे गेल्यावर मॅचचा डबा घेण्यात अर्थ आहे. रायफलवाल्यांना मात्र हा सल्ला लागू नाही.

वरणगावची काडतुसं बनवणारी ऑर्डनन्स फॅक्टरी जळगाव जिल्ह्यातच असली, तरी काडतुसाचं पिस्तूल परवान्याशिवाय हाती येत नाही. त्यामुळे नव्या मुलांची सुरुवात एअर पिस्तूलनेच होते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंत व्यास आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, आणि मॅच पिस्तुलाची ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपासच असते. परवान्याची कटकट नाही म्हटल्यावर खर्चाचा सगळा विचार डब्यापाशी येतो.

पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं. छर्रा ४.५ मिमीचा, आणि रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असला की दहा, १६ मिमीच्या आत असला की नऊ. आता समजा, शिकंज्यात बसवलेल्या पिस्तुलातून सरावाचा छर्रा मध्य ते मध्य ४ मिमीचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा घोळका) देतो आणि मॅचचा २ मिमीचा. छऱ्यामुळे होणारी चूक झाली फार तर २ मिमी, नाहीतर १. ज्याचा हात शॉटला १२-१५ मिमी फिरतो, त्याच्या स्कोअरमध्ये हा १ मिमी शोधूनही सापडत नाही. शिवाय काठावरचा शॉट छर्रा कधी बाहेर ढकलतो, तसा कधी आतही ओढतो.

रायफलचं गणित वेगळं. तिथे दहा म्हणजे अर्ध्या मिमीचा ठिपका, गुण दशांशात, आणि प्रत्येक दशांश पाव मिमीचा. तिथे हाच १ मिमी म्हणजे चार दशांश गेले. पिस्तूलला पात्रता फेरीत पूर्णांकच मोजतात; दशांश येतो फायनलला, आणि तिथला एक दशांश ०.८ मिमीचा असतो. पॅरिस २०२४ च्या फायनलमध्ये मनू भाकर बाहेर पडली तेव्हा ती दुसऱ्या जागेपासून फक्त ०.१ मागे होती. त्या पातळीवर छऱ्याची चिकित्सा करायलाच हवी.

मग स्वस्त छर्रा मार कुठे खातो? ग्रुपच्या सरासरीत फारसा नाही, तर एखाद्या भलत्याच शॉटमध्ये. छऱ्याच्या मागच्या पोकळ भागाला, म्हणजे स्कर्टला पोचा असेल तर हवा एका बाजूने निसटते आणि नळीच्या तोंडाशी छऱ्याला तिरका धक्का बसतो. पन्नासातला असा एक छर्रा आठ लावून जातो आणि मुलगा उगाच आपल्या ट्रिगरला दोष देत बसतो. साध्या डब्यात शिशाची बारीक कीसही असते. ती ब्रीचच्या (छर्रा भरायच्या जागेच्या) ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला चिकटून हवा गळायला लागते. उपाय फुकटचा आहे. छर्रे पांढऱ्या कागदावर ओतायचे, कीस झटकायची, स्कर्टचं तोंड वर करून एकेकावर नजर टाकायची आणि चेपलेले बाजूला काढायचे. शंका असेल तर छर्रा काचेवर गडगडवून बघा. तो गोल वळण घेत जातो. डगमगत गेला तर वाकडा आहे. डबा सॅकमध्ये मोकळा टाकून एसटीने धुळ्याहून नाशिकला नेला, तर मॅचचे छर्रेही चेपतात. झाकणाखाली फोमचा गोल तुकडा हवाच.

कंपनीच्या भपक्यापेक्षा हेड साइज महत्त्वाचा. डब्यावर ४.४९, ४.५० असा आकडा असतो. तो छऱ्याच्या डोक्याचा व्यास, आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. सैल छर्रा नीट धरून बसत नाही, ओढून घालावा लागणारा घट्ट छर्रा भरतानाच विद्रूप होतो. दुसऱ्याच्या पिस्तुलाला ४.४९ चालतो म्हणून आपण घेऊ नये.

चाचणी अशी करा. शिकंज्यात रबर लावून पिस्तूल फ्रेमला धरून पकडा. नळी किंवा हवेचं सिलिंडर कधीही आवळू नका. नवा छर्रा सुरू केला की पहिले ५ ते १० शॉट मोजू नका, कारण नळीत आधीच्या छऱ्याचा शिशाचा थर असतो. त्यानंतर प्रत्येक साइजचे ५-५ शॉटचे चार ग्रुप वेगवेगळ्या कार्डांवर घ्या. व्हर्नियरने बाहेरच्या कडांचं सर्वांत मोठं अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. एकाच सुंदर ग्रुपवर भाळू नका, चारांची सरासरी बघा. दोन साइजमध्ये अर्ध्या मिमीहून कमी फरक आला, तर जो नेहमी मिळतो तो घ्या.

हलका की जड, हा वाद रेंजवर चहाबरोबर चालतो. आरडब्ल्यूएस कंपनीचा आर १० हा मॅचचा छर्रा पिस्तूलसाठी ०.४५ ग्रॅम आणि रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचा, एच अँड एन कंपनीचा फिनाले मॅच ०.४९ आणि ०.५३ चा. ‘हलका नळीतून लवकर सुटतो, म्हणून हात हलायच्या आत काम होतं’ असं सांगतात. हिशेब केला तर तो फरक सेकंदाच्या काही दशसहस्रांशांचा निघतो. तेवढ्याने नववाल्याचा दहा होत नाही. खरा फरक पडतो तो उंचीत. तेवढ्याच ऊर्जेवर ०.५३ चा छर्रा १० मीटरवर ०.४५ पेक्षा साधारण ३ मिमी खाली लागतो. म्हणून सराव एका वजनाने आणि स्पर्धा दुसऱ्याने केली, तर सायटिंगची, म्हणजे मॅचआधीच्या न मोजल्या जाणाऱ्या शॉटची १५ मिनिटं साइट फिरवण्यात जातात. हलका घ्या किंवा जड, पण दोन्हीकडे एकच. आरडब्ल्यूएसमध्ये सरावाला हॉबी नावाचा छर्रा आणि स्पर्धेला आर १०, दोन्ही ०.४५ चे, ही जोडी सोयीची आहे. तरी डबा बदलला की पाच-सात शॉट मारून साइट तपासावीच. आकार वेगळा असल्याने जागा थोडी सरकते.

छर्रे तोलून निवडायचं खूळही असतं. जळगावच्या सराफ बाजारात मिलिग्रॅम दाखवणारा काटा सहज बघायला मिळतो, तेव्हा मोह होणारच. पण ०.०१ ग्रॅमच्या फरकाने छर्रा जेमतेम ०.४ मिमी वर-खाली होतो. पिस्तूलवाल्यासाठी हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तो तास ड्राय फायरिंगला, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबायच्या सरावाला द्यावा.

‘उन्हाळ्यात छर्रे फुगतात’ हेही ऐकायला मिळतं. भुसावळच्या ४५ अंशांतही थंडीच्या सकाळच्या तुलनेत ४.५ मिमीचं शिसं ०.००५ मिमीच्या आतच वाढतं. ऊन बाधतं ते सिलिंडरला. २५ अंशांना २०० बारला भरलेलं सिलिंडर बंद गाडीत ६० अंशांवर गेलं, की दाब २२० बारच्या पुढे जातो. ते सावलीतच ठेवा. छऱ्यांचा शत्रू पावसाळ्यातला दमटपणा. शिशावर पांढरी भुकटी धरते, ती पोटात जाणं वाईट. असा डबा फेकून द्या, आणि एरवीही छर्रे हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा सोडून पोळी-भाजी खाऊ नका. छर्रा ओठांत धरायची सवय असेल तर आजच बंद करा.

तांब्याचा मुलामा दिलेले छर्रे हाताला कमी काळे करतात एवढंच. मॅचच्या चपट्या डोक्याच्या छऱ्याची जागा ते घेत नाहीत. टोकदार छर्रा कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडत नाही आणि गुण मोजताना वाद होतो. स्टीलच्या गोळ्या मॅच पिस्तुलात घालूच नयेत. नळीचे आटे जातात आणि गोळी उलटून डोळ्यावर येऊ शकते.

रोज ८० शॉट, आठवड्यातून पाच दिवस धरले तर महिन्याला सतराशेच्या आसपास छर्रे लागतात, म्हणजे ५०० चे साडेतीन डबे. हे सगळे मॅचचे घेतले, तर महिनाअखेरीस शॉट वाचवायची पाळी येते. ते सगळ्यांत वाईट. त्यापेक्षा तीन-चार डबे सरावाचे घ्या, आणि ५६५ च्या वर असाल तर तपासलेल्या साइजचे मॅचचे दोन डबे एकाच लॉट नंबरचे (एकाच खेपेत बनलेले) घेऊन ठेवा. स्पर्धेआधीच्या आठवड्यात त्यातले शंभरेक मारून साइट लावा, बाकीचे स्पर्धेला.