दुर्बीण सर्व्हिसिंग, रविवार कारंजा: काम एक नंबर, वेळेचं विचारू नका

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो "उद्या या"साठी.

माझी दुर्बीण नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला नेतात तसली नाही, ७ बाय ५० ची जहाजावरची आहे. मी तेल शोधणाऱ्या सर्व्हे जहाजांवर व्हेल-सील बघायच्या ड्युटीवर असतो (नाशिकचा माणूस आणि समुद्रात, हसून घ्या). ब्रिटनकडच्या पाण्यात जेएनसीसीचा (त्यांच्या सरकारची निसर्गरक्षणाची सल्लागार संस्था) नियम आहे, एअरगन (दाबलेल्या हवेने पाण्यात मोठा आवाज करून तळाखालचं तेल शोधायचं यंत्र, त्या आवाजाने जवळच्या प्राण्यांना इजा होऊ शकते) सुरू करायच्या आधी ३० मिनिटं पाण्यावर नजर ठेवायची, आणि खोली २०० मीटरच्या वर असेल तर ६०, कारण तिकडचे स्पर्म व्हेल, बीक्ड व्हेल एकदा खाली गेले की तासभर तोंड दाखवत नाहीत. ५०० मीटरच्या आत काही दिसलं तर ते लांब गेल्यावर किंवा शेवटचं दिसल्यापासून निदान २० मिनिटं गन बंदच. आता ते ५०० की ६०० हे कशावरून? दुर्बिणीच्या आत बारीक रेघा असतात, वरची रेघ क्षितिजावर धरायची, प्राणी किती रेघा खाली आहे ते मोजायचं आणि आपण पाण्यापासून किती उंच उभे आहोत त्यावरून अंतर काढायचं. सीलचं तर नुसतं काळं डोकं, लाट आली की गायब.

तर माझ्या दुर्बिणीत बुरशी धरलेली आणि डेकवर आपटल्यापासून एकाचे दोन दिसायचे. मुंबईत एकाने हात लावायच्या आधीच "नवीन घ्या" सांगितलं. इथल्या काकांनी आधी गच्चीवर नेलं, पांडवलेण्याच्या डोंगरावर धरायला लावली आणि एकेक डोळा मिटून काय दिसतं ते विचारत बसले. मग म्हणाले, "प्रिझम सरकलंय, पण रेघांची काच मी फिरवणार नाही, ती तिरकी झाली तर तुझं सगळं गणित चुकेल." हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं बरं का!! तिथेच पटलं.

परत मिळाली तेव्हा चित्र एकच, बुरशी साफ, रेघा क्षितिजाला समांतर. फक्त आत ओल धरू नये म्हणून असतो तो नायट्रोजन परत भरायची सोय त्यांच्याकडे नाही, ते त्यांनी आधीच सांगितलं, त्यामुळे पावसात जपून वापरावी लागणार.

बाकी फोन उचलत नाहीत, जहाजाची तारीख असेल तर खूप आधी टाका. आणि गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही, रिक्षाच बरी.