क्रूझवरची न्याहारी: गरम ते टेबलावर, गार ते बुफेत

क्रूझवरून आलेल्या माणसाला लोक रात्रीच्या जेवणाबद्दल विचारतात. मी न्याहारीबद्दल विचारते. रात्री जहाजाचं स्वयंपाकघर ठरलेल्या वेळी ठरलेला मेनू वाढतं. सकाळी हजारो माणसं ज्याला जशी जाग येईल तशी वर-खाली फिरतात, आणि प्रत्येकाला अंडं वेगळं हवं असतं. कुणाला कडक, कुणाला पाझरतं, कुणाला नुसतं पांढरं. ही गर्दी जे स्वयंपाकघर नीट सांभाळतं, त्याच्या रात्रीच्या जेवणाची मला काळजी वाटत नाही.

मोठ्या जहाजांवर सकाळी खायला मुख्यतः दोन जागा असतात. वरच्या डेकवर पोहण्याच्या तलावाजवळ बुफे, आणि खालच्या डेकवर मुख्य डायनिंग रूम. तिथे टेबलावर बसायचं, मेनू बघायचा, वेटरला सांगायचं. दोन्ही भाड्यातच धरलेलं असतं, तरी बहुतेक प्रवासी पहिल्या सकाळी बुफेत शिरतात आणि शेवटपर्यंत तिथेच खातात. डायनिंग रूम सकाळीही उघडी असते, हे अनेकांना ठाऊकच नसतं. नुकत्याच झालेल्या सफरीत मी दोन्हीकडे आलटून पालटून खाल्लं आणि माझं मत आणखी पक्कं झालं: गरम पदार्थ खाली टेबलावर बसून खावेत, गार पदार्थ वर बुफेत.

कारण साधं आहे. बुफेतलं गरम अन्न सुरक्षित राहावं म्हणून 57 अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त तापमानावर ठेवावं लागतं. मांसाच्या रश्श्याला त्याने काही होत नाही. अंड्याला होतं. अंड्याचं पांढरं साधारण साठ-बासष्ट अंशांना घट्ट व्हायला लागतं, म्हणजे ट्रे त्याहून गरम असला की त्यात ठेवलेलं स्क्रॅम्बल्ड एग तिथेही शिजतच राहतं. मग ते चिवट होतं आणि त्याचं पाणी सुटतं. त्यात बुफेसाठी बहुधा पाश्चराइझ केलेलं द्रव अंडं वापरतात. एवढ्या माणसांसाठी ते योग्यच आहे, पण ताज्या फोडलेल्या अंड्याची चव त्याला येत नाही. हॅश ब्राउनचं, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या खरपूस टिक्कीचंही तेच. ट्रेवर झाकण पडलं की त्याची कुरकुरीत कड वाफेने मऊ होते.

आता माझी आवडती डिश, एग्ज बेनेडिक्ट. अर्धा कापून भाजलेला इंग्लिश मफिन (केकसारखा नव्हे, गोल चपटा पाव), त्यावर हॅम, त्यावर पोच केलेलं, म्हणजे गरम पाण्यात फोडून शिजवलेलं अंडं आणि वरून हॉलंडेज सॉस. हा सॉस म्हणजे अंड्याचा बलक, लोणी आणि लिंबू. तो जास्त तापला तर फुटतो आणि लोणी वेगळं होतं, गार झाला तर थिजतो. फार आधी करून ठेवता येत नाही, आणि फार वेळ कोमट ठेवणं सुरक्षितही नाही. म्हणून या डिशमागे स्वयंपाकघरात कुणीतरी लक्ष देऊन उभं असावं लागतं, आणि म्हणूनच ती चांगली निघाली की मला मनापासून आनंद होतो. पहिल्या दिवशी माझ्या प्लेटमधला सॉस कोमट होता आणि त्यावर साय धरली होती. मी वेटरला तसं सांगितलं. त्याने वाद न घालता प्लेट नेली आणि दुसरी आणली. त्यानंतर ज्या ज्या सकाळी मी त्याच्या टेबलावर बसले, प्लेट हाताला चटका बसेल इतकी गरम यायची. अंड्यातलं पाणी नीट निथळलेलं, मफिनची कड कडक, सॉसमध्ये लोण्याच्या मागून लिंबू लागणारं. सुरी लावली की बलक मफिनच्या छिद्रांत उतरतो, आणि तो खालचा भिजलेला, तरीही भाजलेला तुकडा मला सगळ्यात जास्त आवडतो.

हॅम नको असेल तर पालक घातलेली फ्लोरेंटाइन मागा. हॅमऐवजी स्मोक्ड सॅमन घातला की तीच रॉयल होते. मेनूवर ती नसली तरी विचारा, कारण सॅमन आणि पालक दोन्ही स्वयंपाकघरात असतातच. मला फ्लोरेंटाइन जास्त आवडते. पालकाचा किंचित तुरटपणा सॉसचा जडपणा कापतो. पालक पिळून घेतलेला नसेल तर मात्र सगळ्या डिशमध्ये पाणी होतं. ही डिश मागवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: गर्भवती, फार वयस्क किंवा आजारी माणसाने अर्धकच्चं अंडं टाळलेलं बरं. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं.

डायनिंग रूममध्ये सकाळी अनेकदा अनोळखी लोकांबरोबर एकाच टेबलावर बसवतात. मला ते आवडतं. शेजारचा माणूस काय मागवतो ते दिसतं. एका सकाळी समोरच्या आजोबांनी किपर मागवला. किपर म्हणजे उभा चिरून, खारवून, धुरावर धरलेला हेरिंग मासा. ब्रिटिश वळणाच्या जहाजांवर तो मिळतो. वास दांडगा, काटे भरपूर, आणि लोणी लावलेल्या ब्राउन ब्रेडबरोबर विलक्षण चविष्ट. दुसऱ्या दिवशी मीही तोच घेतला.

बुफेतला एकच गरम पदार्थ मी आवर्जून घेते, तो ऑम्लेट, कारण तो आपल्या डोळ्यांसमोर होतो. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे स्वयंपाक उघड्या ज्वाळेवर नव्हे तर विजेवर होतो. त्या शेगड्यांवर चार-पाच पॅन एकदम फिरवणाऱ्या स्वयंपाक्याचा हात बघत राहावा असा असतो. त्याला दोन गोष्टी सांगा. कांदा, मशरूम, टोमॅटो आधी परतून घ्या, आणि चीज कमी घाला. नाहीतर कच्च्या टोमॅटोचं पाणी आत सुटतं. तळलेलं अंडं हवं असेल तर तेही इथेच मागा, ते समोर फोडून देतात. नऊच्या सुमाराला इथली रांग फार लांबते. बुफे उघडताना तरी या, नाहीतर बंद व्हायच्या अर्धा तास आधी.

ट्रेमध्ये राहूनही न बिघडणारे पदार्थ आहेत: ओटची लापशी, टोमॅटो सॉसमधल्या बीन्स, आणि काही जहाजांवर तांदळाची पातळ काँजी. लापशी तर जरा मुरल्यावरच चांगली लागते. वर ब्राउन शुगर, अक्रोड आणि मनुका घालून घ्या. पॅनकेक आणि वॉफल ट्रेमधले घेऊ नका, गार झाल्यावर त्यांत काही उरत नाही. डिस्नेच्या जहाजांवरच्या मिकीच्या आकाराच्या वॉफलचं मुलांना केवढं अप्रूप असतं, तो प्रश्न वेगळा.

गार पदार्थांत बुफेला तोड नाही. इथे तापमानाचा नियम उलटा आहे, 5 अंश किंवा त्याहून कमी, आणि त्या थंडीने बिघडतील असे पदार्थ इथे फारसे नसतातच. स्मोक्ड सॅमन, क्रीम चीज, बारीक कापलेला लाल कांदा, केपर्स (मुरवलेल्या छोट्या कळ्या), लिंबाची फोड आणि बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव. बेगल भाजण्याआधी पाण्यात उकळतात, त्यामुळे त्याची साल चिवट आणि आतला भाग दाट राहतो. तो टोस्टरमधून काढून घ्या, क्रीम चीज पातळ लावा, सॅमन सढळ हाताने घाला. केपर्स विसरू नका, त्यांच्या खारट-आंबट चवीशिवाय सॅमन नुसता तेलकट लागतो.

त्याच्या शेजारीच बहुधा बर्शर म्यूस्ली असते. ओट्स, किसलेलं सफरचंद, दही आणि सुकामेवा एकत्र भिजवलेला. मॅक्सिमिलियन बर्शर-बेनर या स्विस डॉक्टरांनी 1900 च्या आसपास आपल्या रुग्णांसाठी ती करायला सुरुवात केली. आमच्या जहाजावरची म्यूस्ली खरोखर उत्तम होती, सफरचंदाचा कीस दाताखाली येत होता आणि साखर बेताची होती. फळांत कलिंगड, खरबूज, अननस रोज असतात, कारण ती टिकतात. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी दिसल्या तर पहिल्या दिवसांतच खाऊन घ्या. जहाजाचा मोठा साठा सफर सुरू होते त्या बंदरावर भरला जातो आणि नाजूक फळं आधी संपतात.

ब्रेड आणि पेस्ट्रीचा बराचसा भाग जहाजाच्या बेकरीत रात्रभर भाजला जातो. क्रोसाँ बुफे उघडल्या उघडल्या खावा. समुद्राची दमट हवा त्याचे पापुद्रे तासाभरात मऊ करते.

आता ज्यांना बोट लागते त्यांच्याविषयी. माझ्या ताईला लागते. जहाज डोलतं तेव्हा वरच्या डेकवर ते जास्त जाणवतं आणि खाली, मधल्या भागाजवळ कमी. बुफे वर आणि डायनिंग रूम खाली, त्यामुळे खवळलेल्या सकाळी तिला घेऊन मी खालीच बसायचे. कोरडा टोस्ट, हिरवं सफरचंद आणि आल्याचा चहा, एवढंच तिने खाल्लं आणि तिला सोसलं. हिरवी सफरचंदं आणि क्रॅकर्स अशा वेळी बहुतेक जहाजांवर मागितले की मिळतात. रिकामं पोट ठेवू नये, त्याने मळमळ वाढते.

केबिनमध्ये न्याहारी मागवायची असेल तर रात्री दाराला कार्ड अडकवायचं, त्यावर पदार्थ आणि वेळ खुणा करून. बंदरावर लवकर उतरायचं असेल तेव्हा ही सोय फार कामाची आहे, पण कॉफी, दही, फळं आणि पेस्ट्री एवढंच मागवा. झाकणाखाली घाम फुटलेलं ऑम्लेट लिफ्टने आठ डेक चढून येतं, त्यात मजा नाही. शिवाय अनेक कंपन्या गरम पदार्थांचे वेगळे पैसे लावतात.

यंत्रातला संत्र्याचा रस बहुतेक ठिकाणी अर्कापासून केलेला असतो, ताज्या रसाला वेगळे पैसे पडतात. कॉफीचंही तसंच, साधी कॉफी भाड्यात, एस्प्रेसो बहुधा वेगळ्या कॅफेत. मी तिथे पैसे मोजले आणि मला ते वसूल वाटले. चहा पिणाऱ्यांनी खाली डायनिंग रूममध्ये किटली मागवावी, बुफेतल्या पिंपाचं पाणी पुरेसं उकळतं नसतं.

बुफेत शिरताना हात साबणाने धुवा. दारातल्या जेलवर भागवू नका. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलच्या जेलचा फारसा परिणाम होत नाही, साबण आणि पाणीच हवं. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या जहाजांची तिथली आरोग्य यंत्रणा सीडीसी न सांगता तपासणी करते. 100 पैकी 86 पेक्षा कमी गुण म्हणजे नापास, आणि हे गुण कुणालाही इंटरनेटवर बघता येतात. तिकीट काढण्याआधी मी ते बघते.

समुद्रातला पूर्ण दिवस असेल तेव्हा डायनिंग रूममध्ये उशिरा, निवांत जा. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर अशा दिवशी सी डे ब्रंच, म्हणजे उशिराची न्याहारी-जेवण एकत्र, असतो आणि घाईने उठायची गरजच राहत नाही. उतरायच्या शेवटच्या सकाळी मात्र उलट. केबिन लवकर सोडावी लागते, केबिनमधली न्याहारी बहुधा बंद असते, आणि सगळे जण बॅगा घेऊन बुफेत बसलेले असतात. डायनिंग रूमची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा, उघडतानाच खाली पोचा आणि एग्ज बेनेडिक्ट मागवा.