बर्फावरची मासेमारी: भाड्याचं खोपट की स्वतःची बादली?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, गोठलेल्या मिल लॅक्स तलावावर पहिल्यांदा गळ टाकायचा तर दोन वाटा आहेत.

पहिली, रिसॉर्टवाल्याकडून बर्फावरचं खोपट भाड्याने घ्यायचं. आत हीटर, बसायला बाक, बऱ्याचदा गळ सोडायला बर्फात भोकंही पाडून दिलेली. बर्फाची जाडी रोज तपासणारा माणूस तिथलाच असतो, आणि नवख्याला खरी गरज त्याचीच. पैसे जातात, शिवाय मासे दुसरीकडे सरकले तरी खोपट जागचं हलत नाही.

दुसरी वाट स्वस्त: सहा इंची हातगिरमीट, भोकातला चुरा काढायला झारा, गळाची आखूड काठी, बसायला पालथी बादली. इथे पर्च मासे लागले नाहीत तर उठायचं, पन्नास पावलांवर नवं भोक पाडायचं. शिकायला हेच बरं. पण बर्फाचा अंदाज तुमचा तुम्हालाच घ्यावा लागतो. चालण्यासाठी पारदर्शक, नवा बर्फ किमान ४ इंच हवा. पांढरट बर्फ निम्म्याच ताकदीचा, म्हणून जाडी दुप्पट धरायची. पुढे जाताना पहारीने ठोकत जा, पाण्यात पडलात तर बर्फात रुतवून वर यायला टोकदार खिळे गळ्यात अडकवा. एकट्याने तर नकोच.

परवाना दोन्हीकडे लागतो. हिवाळ्यात माणशी दोन गळ चालतात.

माझं मत? पहिला दिवस खोपटात काढा आणि शेजारच्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडा. गिरमिटाची खरेदी त्यानंतर. मुलं बरोबर असतील तर मात्र सरळ खोपटच. वाऱ्यात ती अर्ध्या तासात घरी चला म्हणतील.