शाळेचा मोफत गणवेश, २०२४-२५: पाचपैकी दोन तारे

मी घरी शिलाईकाम करते, त्यामुळे लेकाचा जिल्हा परिषद शाळेचा गणवेश आला की आधी उलटा करून बघते. राज्य सरकारच्या ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेतला आकाशी शर्ट मुळात आलाच उशिरा. काजं विरलेली, खांदे दंडावर उतरलेले. पँटच्या दुमडीत बोटभरही कापड नाही. वाढत्या पोराची पँट अशी कोण शिवतं? शिवणाऱ्या बचत गटातल्या बायांना बोल लावणार नाही, त्यांच्याकडे कापड कापूनच आलेलं. स्काउटच्या गणवेशाचं तर नुसतं कापड आणि शिलाईला ११० रुपये! एवढ्यात मी दोरा-बटणं धरून शर्टसुद्धा शिवत नाही. आधी शाळा समिती माप घेऊन शिवून घ्यायची. डिसेंबर २०२४मध्ये सरकारनं ते काम पुन्हा समितीकडे दिलं, बरं केलं. रंग मात्र पक्का निघाला, दोन तारे त्याचेच.